पोलंडचा घसा, नगरचा सत्कार

"जीभ बाहेर काढा," मी म्हणाले. समोर स्टुलावर बसलेल्या धिप्पाड गोऱ्या माणसाला मराठी येत नव्हतं. म्हणून मी आधी माझीच जीभ बाहेर काढून दाखवली. त्यानं लगेच काढली. मी ती गॉजच्या तुकड्यात धरली, जराशी पुढे ओढली आणि कोमट केलेला आरसा त्याच्या घशात सरकवला.

"बाई, संध्याकाळी गातील न्हवं ते?" पाठीमागून चेअरमन आबासाहेबांनी विचारलं.

"आबासाहेब, बाहेर बसा."

"बसतो की. पन गातील न्हवं?"

ते बसले नाहीत. साखर कारखान्याचा चेअरमन एकदा उभा राहिला की त्याला बसवणं अवघड असतं. पाच वर्षांतून एकदा मतदारांनाही ते सहसा जमत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे तेव्हा फार यंत्रं नसत. कपाळावर एक गोल आरसा असे, त्याच्या मध्यभागी भोक. त्यानं दिव्याचा उजेड घशात पाडायचा. दुसरा आरसा लांब दांडीचा, रुपयाएवढा. तो पडजिभेला टेकवला की खालचं स्वरयंत्र त्यात दिसतं. आरसा थंड असला तर त्यावर वाफ धरते, म्हणून स्पिरिटच्या दिव्यावर कोमट करायचा. फार तापला तर पेशंट ओरडतो, म्हणून आधी स्वतःच्या हाताला लावून बघायचा. एवढं झालं की पेशंटला म्हणायला लावायचं, 'ईऽ'. 'ईऽ' म्हटलं की दोन्ही स्वरतंतू जवळ येतात. माणूस शिव्या देवो की भजन म्हणो, त्याचा आवाज या दोन पट्ट्यांमधूनच निघतो. निरोगी माणसात त्या खोबऱ्याच्या कातळीसारख्या पांढऱ्या असतात.

या माणसानं 'ईऽ' म्हटलं. फाटक्या भात्यातून वारा निघावा तसा आवाज आला. उजवा तंतू पांढरा होता. डावा मात्र विडा खाल्लेल्या ओठासारखा लाल. आत रक्त उतरलं होतं.

मी आरसा बाहेर काढला, जीभ सोडली आणि आबासाहेबांकडे वळले. "काल यांना कुठं नेलं होतं?"

"कुटं म्हंजे? कारखाना दावला."

"मिल हाउसमध्ये?"

"तितंच तर खरी मजा हाय बाई!"

झालं. मला पुढचं विचारायची गरज नव्हती.

दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सीझनची ही गोष्ट. माझ्या नगरच्या दवाखान्यापासून गाडीनं तासाभरावरच्या या कारखान्यात पोलंडहून नवा बॉयलर आला होता. तो बसवायला यानेक नावाचा पोलिश इंजिनियर आला होता आणि दोन सीझन गेस्ट हाउसमध्येच मुक्काम ठोकून होता. मुंबईत पोलंडच्या कलावंतांचं पथक आलंय, असं त्याच्या बोलण्यात आलं. आबासाहेबांनी ते ऐकलं. पथकातला एक गायक चार दिवस मोकळा आहे हेही ऐकलं. मग कुठल्या आमदाराला सांगून, कुणाला फोन करून, साखरेच्या दोन पिशव्या कुठल्या तरी दारी पोचवून त्यांनी तो गायक कारखान्यावर आणला. जिल्ह्यात कुठल्याच कारखान्यानं परदेशी गवई आणला नव्हता. संचालक मंडळाची निवडणूक दोन महिन्यांवर होती.

गवयाचं नाव तादेउश. तो आल्या आल्या त्याला मटणाचा रस्सा खिलवला. तो खोकून बेजार झाला. मग ठसका जिरायच्या आत त्याला मिल हाउसमध्ये नेलं. मिल हाउस म्हणजे जिथं ऊस चिरडतात ती जागा. तिथल्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. अशा ठिकाणी माणूस ओरडून बोलतो आणि आपण ओरडतोय हे त्याला कळतही नाही. आबासाहेब ओरडून माहिती सांगत होते. यानेक ओरडून तिचं भाषांतर करत होता. आणि पाहुणा, सभ्य माणूस, प्रत्येक रोलरचं ओरडून कौतुक करत होता. सकाळी उठला तर आवाज गायब.

"तर काय झालंय?" आबासाहेब म्हणाले.

"घशात रक्त उतरलंय."

"मग औषध द्या. इंजेक्शन द्या. आमच्या ड्रायव्हरला तुमी मागं दिलं हुतं, लगेच बोलाया लागला."

"तुमचा ड्रायव्हर गात नाही, आबासाहेब. यावर इंजेक्शन नाही. बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, खाकरायचं नाही. आठ-पंधरा दिवस. गाण्याचं नाव काढायचं नाही. आज हे गायले तर तिथं व्रण राहील, आणि आवाज कायमचा फाटेल."

आबासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. मग खरोखरच बाहेर जाऊन बसले. बाकावर पारनेरची एक बाई कानात हरभरा गेलेलं पोरगं घेऊन बसली होती. तिनं सरकून जागा दिली.

आता आत तिघं होतो. मी, तादेउश आणि बाहेरून नुकताच आत आलेला यानेक. यानेक मराठी बोलत असे, पण तो ती फिटर लोकांकडून शिकला होता. त्यामुळे सगळ्या जगाला अरेतुरे करी आणि प्रत्येक गोष्ट बॉयलरच्या भाषेत मांडी.

"बाई," तो म्हणाला, "याचा ट्यूब लीक हाय का?"

"हाय," मी म्हणाले. "बंद ठेवायचा. पूर्ण शटडाऊन."

त्यानं ते पोलिशमध्ये सांगितलं. तादेउशनं माझ्याकडे पाहिलं. पन्नाशीच्या आसपासचा, खांद्यानं रुंद, चेहरा एखाद्या शाळामास्तरासारखा दमलेला. त्यानं बोलायला तोंड उघडलं. मी टेबलावर थाप मारली. "गप्प! एक शब्द नाही!" पेशंटवर ओरडायची मला सवय होती. नगरमध्ये बाईमाणसानं डॉक्टरी करायची तर दुसरा मार्ग नव्हता.

तो गप्प झाला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा माणूस. मला कसंसंच झालं.

"याला विचार, रडतो कशाला? आवाज येईल परत. फक्त गप्प बसायला सांग."

यानेकनं विचारलं नाही. तो म्हणाला, "मी सांगतो. मला सगळा म्हाईत हाय. मुंबई ते नगर, सगळा रस्ता, याने मला याचा स्टोरी सांगितला. लई लांब स्टोरी."

आणि त्यानं ती सांगितली. ज्याची गोष्ट, तो समोर मुका बसून होता आणि मध्ये मध्ये मान हलवून दुरुस्त्या करत होता.

ऑपेरा म्हणजे त्यांच्याकडचं संगीत नाटक. फरक इतकाच की आपल्याकडे नायक-नायिका गातात आणि बाकीचे बोलतात. तिकडे सगळेच गातात, चहा आणून देणारासुद्धा. पुरुषांचे आवाज तीन. उंच आवाजाला नायिका मिळते. खालच्या आवाजाला राजपद किंवा देवपण मिळतं. मधला आवाज तो बॅरिटोन. त्याला जे उरेल ते मिळतं.

तादेउश बॅरिटोन होता. बाप कोळशाच्या खाणीत. हाही खाणीतच लागला, कामगारांचे दिवे भरायच्या खोलीत. खाणीत कामगारांचं भजनी मंडळ असावं तसं गायनमंडळ होतं, त्यात गायला लागला. कुणीतरी ऐकलं आणि सरकारी खर्चानं संगीताच्या शाळेत घातला. तिथून एका लहान गावच्या थिएटरात, तिथून मोठ्या. आणि मग वर्षानुवर्षं त्यानं काय केलं, तर तुरुंगाधिकारी केला. पाद्री केला. नायिकेचा बाप केला.

बाप म्हटल्यावर तादेउशनं स्टुलावर बसल्या बसल्या बाप करून दाखवला. पाठ वाकवली, हात उगारला, आणि हात उगारून झाल्यावर पश्चात्तापही केला. आवाज न काढता. मग पाद्री केला. मग माझ्याकडे बोट दाखवून यानेकला कोपरानं ढोसलं.

"हा डॉक्टर पन झाला," यानेक म्हणाला. "एक लाइन हुता. 'आता उपाय न्हाई.'"

"आमची पण तेवढीच असते," मी म्हणाले.

पण खरी गोष्ट पुढे होती. त्यांच्याकडे एक जुना ऑपेरा आहे, त्यात मुख्य काम बॅरिटोनचं. अगदी राजाचं. ते काम एक नावाजलेला गायक करी. तो आजारी पडला तर म्हणून दुसरा एक तयार ठेवतात. दुसरा म्हणजे तादेउश. प्रत्येक प्रयोगाला हा पडद्याआड उभा, सगळं गाणं पाठ, वाट बघत. काय, तर त्या नावाजलेल्या गायकाला सर्दी कधी होते याची.

"झाली?" मी विचारलं.

"कधी न्हाई. तो लई हेल्दी."

तादेउशनं दोन्ही हात वर करून तो किती हेल्दी होता ते दाखवलं. त्यात राग नव्हता. मी हसले. पहिल्यांदा तोही हसला, आवाज न करता.

शेवटी नावाजलेला गायक म्हातारा झाला आणि घरी बसला. पुढच्या महिन्यात तालीम सुरू होणार होती आणि राजा तादेउश होता. एवढ्या वर्षांनी.

"मग चांगलं आहे की," मी म्हणाले. "तोवर घसा बरा होईल. आज गायचं नाही, एवढंच."

यानेकनं मान हलवली. "बाई, तुला समजला न्हाई. याच्याबरोबर साहेब आलाय. सरकारी. ग्रे सूट. आता गेस्ट हाउसमधे झोपलाय, रस्सा खाल्ला म्हनून पोट चालू. तो रिपोर्ट लिवनार. रिपोर्टमधे आला, घसा खराब, गाऊ शकला न्हाई, तर थिएटर काय करनार? दुसरा मानूस तयार हाय. तरुन मानूस. पडद्यामागं उभा हाय. याची सर्दीची वाट बघतो."

म्हणजे हा गायला तर आवाज जाणार, आणि नाही गायला तर राजा जाणार. आणि मी आजारपणाचं सर्टिफिकेट दिलं तर ते मीच फाडून फेकावं इतकं घातक. वैद्यकाच्या पुस्तकांत असल्या केसवर कुठलंच प्रकरण नव्हतं.

पोरग्याच्या कानातला हरभरा काढायचा राहिला होता. मी त्याला आत घेतलं, हरभरा काढला, आणि काढता काढता विचार केला. चिमट्याचं काम करताना मला बरं सुचतं. पोरगं रडत गेलं. मी आबासाहेबांना हाक मारली.

"आबासाहेब, हे गाणार नाहीत. आणि घसा बिघडलाय हे कुणाला कळताही कामा नये. विशेषतः त्या ग्रे सूटवाल्याला."

"आवो बाई, काय बोलताय! हँडबिलं वाटल्यात. बापूसाहेबाची मानसं आधीच बोंबलत फिरत्यात, चेअरमननं सभासदांच्या पैशानं गोरा गवई आनला म्हनून. आता तो गायलाच न्हाई तर मला खुर्चीत बसू देतील व्हय?"

बापूसाहेब म्हणजे विरोधी पॅनेलचे पुढारी. दोघांचं हाडवैर. दोघंही घशाची तक्रार घेऊन माझ्याकडेच येत, वेगवेगळ्या वारी.

"मागच्या सीझनला तुम्ही पुण्याहून ऊसतज्ज्ञ बोलावला होता," मी म्हणाले.

"व्हय. लई मोठा मानूस."

"काय बोलला तो?"

आबासाहेबांनी आठवून पाहिलं. "बोलला न्हाई. त्याचा टाइमच आला न्हाई. गाडीची येळ झाली."

"कुणी तक्रार केली?"

"तक्रार कशाची? सगळ्यांचे सत्कार झाले की."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आबासाहेबांनीही पाहिलं.

"यांना किती वाजता निघायचंय?" मी विचारलं.

"सातला. पुन्याहून रातची गाडी हाय."

"आणि प्रोग्रॅम?"

"साडेचारला. चारची शिफ्ट सुटली की."

"अडीच तास. जमेल?"

आता मात्र आबासाहेब दुखावले. "बाई, अडीच तासात आमची प्रस्तावना हुती."

"मग एकच करा. बापूसाहेबांना स्टेजवर बोलवा. त्यांना आणि त्यांच्या सगळ्या माणसांना दोन-दोन शब्द बोलायला सांगा."

"त्याला? माज्या स्टेजवर? माइक देऊ?"

"माइक त्यांच्या हातात असेल तर गाणं कुणामुळं झालं नाही?"

आबासाहेबांच्या चेहऱ्यावर उमज पसरायला थोडा वेळ लागला. पण पसरली ती पक्की. त्यांनी टोपी काढली आणि यानेकला म्हणाले, "बगा. ह्या बाईला मी घशाची डॉक्टर समजत हुतो."

जाताना म्हणाले, "तुमी पन यायचं. प्रमुख पाव्हनी म्हनून." मला भाषणांचा जन्माचा तिटकारा. पण पेशंट माझा होता, गेले.

साडेचारला कारखान्याच्या पटांगणात हे एवढे लोक. शिफ्ट सुटलेले कामगार, ऊसतोडणीवाले, आसपासच्या गावचे शेतकरी, एका बाजूला बायका. गोरा माणूस कसा गातो ते बघायला आले होते. स्टेजवर खुर्च्यांच्या तीन रांगा. तादेउशच्या डोक्याला फेटा बांधलेला, गळ्यात हार. ग्रे सूटवाला साहेबही फेट्यात. दिवसभर ताकावर राहून जरा सुकला होता. मला स्टेजवर बघून त्यानं इंग्रजीत विचारलं, "तुम्ही डॉक्टर? कुणी आजारी आहे का?"

"मी प्रमुख पाहुणी आहे," मी म्हणाले. आणि होतेच की.

"हे आज सकाळपासून बोलत नाहीत," तादेउशकडे बघून तो म्हणाला.

यानेक मध्ये पडला. "गायच्या आधी सगळे सिंगर गप बसतात," असं काहीसं त्यानं पोलिशमध्ये सांगितलं असावं. साहेबानं मान डोलावली.

मग आमच्याकडची पद्धत सुरू झाली. बाहेरच्यांना ती ठाऊक नसते म्हणून सांगते. कार्यक्रमाला अध्यक्ष लागतो. अध्यक्ष आबासाहेब हे जगजाहीर असतं, हँडबिलावर छापलेलंही असतं. तरीही एकानं उठून सूचना मांडायची की त्यांनी अध्यक्ष व्हावं. दुसऱ्यानं उठून त्याला अनुमोदन द्यायचं. सूचना मांडणारा आपण ही सूचना का मांडतो ते सांगतो. अनुमोदन देणारा अध्यक्षांचं बालपण सांगतो. मग स्वागत, मग प्रास्ताविक, मग सत्कार. सत्कारात नाव सुटलं तर तो माणूस पुढची निवडणूक विरोधात लढतो, म्हणून कुणाचंच नाव सोडायचं नसतं. त्या दिवशी तर ज्यांचे सत्कार कधीच झाले नव्हते त्यांचेही झाले. माझा दोनदा झाला.

तादेउश हात जोडून बसला होता. प्रत्येक भाषणानंतर मान लववत होता. माझ्या शेजारचे संचालक म्हणाले, "काय नम्र मानूस हाय! यवढा मोठा कलाकार, पन एक शबुद न्हाई."

मग बापूसाहेब उठले. आपल्याला आबानं माइक का दिला असावा या विचारानं ते सुरुवातीला जरा बिचकत होते. पण माइकची चव वाईट. पाच मिनिटांत ऊसदरावर आले, तिथून वजनकाट्यावर, तिथून आबासाहेबांच्या मेव्हण्याच्या ट्रकवर. त्यांच्यामागून त्यांचे लोक. एकेकाचे दोन शब्द.

सर्वांत गोड प्रकार ग्रे सूटवाल्या साहेबाचा. आबासाहेबांनी त्यालाही दोन शब्दांची विनंती केली. त्यानं खिशातून चष्मा काढला. मी ओळखलं, हा माणूस सरकारी आहे, हा थांबणार नाही. तो एक परिच्छेद बोले आणि यानेक मराठी करी. "हा म्हनतो, पोलंडमधे कोळसा लई हाय." टाळ्या. पुन्हा पोलिश, बराच वेळ. "हा म्हनतो, दोस्ती पन लई हाय." प्रचंड टाळ्या. आपल्या बोलण्याला एवढ्या टाळ्या त्याला त्याच्या देशात मिळाल्या नसाव्यात. तो खुलला. त्यानं पोलंडच्या शेतीचा आढावा घेतला.

सहा वाजून गेले होते. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. आणि इथं बापूसाहेबांनी घोळ केला.

साहेब खाली बसल्यावर ते पुन्हा माइकपाशी गेले. स्वतःची भडास निघाली होती, आता त्यांना जनतेची आठवण झाली. "मंडळी," ते म्हणाले, "किती भाषनं ऐकायची? मानसं गानं ऐकाया आल्यात. चेअरमनसायेब, तुमी पाव्हन्याला बोलवून नुसतं हार घालाय लागलाय. आता पाव्हन्याचं गानं झालंच पायजे!"

पटांगण उठलं. "गानं! गानं!" कामगारांनी टाळ्यांचा ठेका धरला. आबासाहेबांचा चेहरा पडला. त्यांच्याकडे आता सत्कार करायला कुणी उरलं नव्हतं.

मी तादेउशकडे बघितलं.

तो उठला होता. फेटा जरा तिरका झालेला. तो लोकांकडे बघत होता. जन्मभर पडद्याआड उभं राहून ज्या माणसानं दुसऱ्यासाठी झालेल्या टाळ्या ऐकल्या, त्याच्यासाठी आज हजारो माणसं ओरडत होती. त्याच्या एकट्यासाठी. त्याला भाषा कळत नव्हती, पण हे कळायला भाषा लागत नाही. तो माइककडे निघाला. माइकपाशी पोचला, माइक हातानं बाजूला केला. त्याला तो लागतच नव्हता. पाय रोवले. त्याची छाती नव्हे, कंबर भरताना मला दिसली. गाणारे श्वास असा खालून घेतात.

एक सूर, आणि तो लाल तंतू कायमचा गेला असता. मला भीती वाटली आणि त्याचा रागही आला. दिवसभर मर मर करून याला वाचवायचा आणि यानं टाळ्यांपायी उडी मारायची.

मी उठले. स्टेजवर धावत गेले म्हटलं तरी चालेल. त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहिले, त्यानं बाजूला केलेला माइक पुढे ओढला आणि म्हणाले, "गाण्याआधी माझे दोन शब्द."

पटांगणातून जो उसासा निघाला तो मी विसरणार नाही. पण प्रमुख पाहुणी, त्यातून बाई. ओरडून खाली कोण बसवणार?

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं भाषण. काय बोलायचं सुचेना. म्हणून जे येत होतं ते बोलले. म्हणाले, मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे आणि आजपर्यंत मी तुमच्या लेकरांच्या नाका-कानांतून काय काय काढलंय ते ऐका. शेंगदाणा, चिंचोका, खडू, पाटीवरची पेन्सिल, बापाच्या सदऱ्याचं बटण. आज सकाळीच एक हरभरा काढला, भिजून मोड यायचाच बाकी होता. लोक हसले. मग कानात गरम तेल ओतू नका म्हणून सांगितलं. मग विचारलं, मिल हाउसमध्ये कामाला कोण कोण आहे? हात वर झाले. त्यांना म्हटलं, तुमच्यातल्या निम्म्यांना माझं बोलणं धड ऐकू येत नसेल. त्यातल्या काहींनी शेजाऱ्याला विचारलं, बाई काय म्हणाली?

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एकजण उठली. "बाई, माज्या सासूला ऐकू येत न्हाई. पन तिच्याबद्दल बोललं की बराबर ऐकू येतंय. ह्याला काय करायचं?"

"हा रोग कानाचा नाही," मी म्हणाले.

झालं. पटांगण विसरलं की ते कशासाठी आलं होतं. एकाचा कान वाहत होता, दुसऱ्याच्या नाकाचं हाड वाढलं होतं, तिसऱ्याची बायको घोरत होती आणि ती तिथंच बसून नाही म्हणत होती. आपल्याकडे फुकट डॉक्टर दिसला की माणूस गाणंच काय, जेवणही विसरतो. शेवटी खुद्द बापूसाहेब उठले. "डॉक्टरीनबाई, माज्या कानात सारखी शिटी वाजतीय. कारखाना बंद असला तरी."

"उद्या या," मी म्हणाले. "आबासाहेब परवा येणार आहेत." आबासाहेबांनी घाईनं माइक घेतला आणि मिल हाउसच्या सगळ्या कामगारांना कानात घालायची बुचं देण्याची घोषणा करून टाकली. टाळ्या त्यांना मिळाल्या.

ड्रायव्हरनं गाडीचा हॉर्न दिला. सात वाजले होते.

तादेउश अजून माझ्या मागंच उभा होता. आता खाली उतरला. त्याच्या कपाळाला घाम आला होता. आपण काय करणार होतो ते त्याला आता कळलं असावं. गाडीत बसण्यापूर्वी तो माझ्यापाशी आला, हात गळ्याला लावला आणि कमरेत वाकला. राजे लोक वाकतात तसा. मग मी बोट दाखवल्यावर शहाण्यासारखा तोंड मिटून गाडीत बसला.

पुढचं मला यानेकनं पाऊसकाळानंतर, रजेवर पोलंडला जाऊन आल्यावर सांगितलं. केडगाव येईपर्यंत ग्रे सूटवाल्याच्या लक्षात आलं की गाण्याचा वेळ आपल्याच भाषणानं खाल्ला. तादेउश एक शब्द बोलत नव्हता. साहेबाला वाटलं, कलावंत रुसला. मुंबईपर्यंत तो त्याची माफी मागत होता. विमानातही मागत होता. रिपोर्टमध्ये त्यानं लिहिलं की कार्यक्रमाला अफाट यश मिळालं, आणि आबासाहेबांनी मागाहून पाठवलेलं नगरच्या एका साप्ताहिकाचं कात्रण जोडलं. त्यात छापलं होतं की पोलंडच्या गायकाच्या सुरेल गायनानं श्रोते मंत्रमुग्ध झाले. संपादकांनी बातमी दुपारीच लिहून ठेवली होती.

"आणि राजा?" मी विचारलं.

"चालू हाय. फुल प्रेशर. लीक न्हाई."

"आणि तो दुसरा, तरुण?"

"उभा हाय. पडद्यामागं."

मी विचारलं की त्याच्या गाण्याची एखादी ग्रामोफोनची प्लेट मिळेल का. यानेक हसला. बॅरिटोनची प्लेट कोण काढतो? प्लेटा उंच आवाजवाल्यांच्या निघतात.

आबासाहेब निवडणूक जिंकले. बुचं आली आणि महिनाभरात कामगारांच्या घरी रॉकेलच्या बाटल्यांना बसली. माझं म्हणाल तर, तेव्हापासून घसा बसलेला पुढारी आला की मी गोळ्या लिहून देते आणि सांगते, साहेब, खरा उपाय एकच, माइक विरोधकाला द्या. गोळ्या सगळे घेतात.

तादेउशचा आवाज माझ्याइतका जवळून जगात कुणी पाहिला नसेल, त्यानं स्वतःही नाही. ऐकला मात्र मी एकदाच, सकाळच्या ओपीडीत, त्याची जीभ माझ्या हातात असताना. 'ईऽ'.